चूल कुठं मांडलीया?

लग्न होऊन मी सांगलीहून साताऱ्याला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एक माणूस दारात येऊन उभा राहिला. ना ओळख, ना नमस्कार. मला म्हणाला, "सूनबाई, चूल कुठं मांडलीया?"

अंगात जुना खाकी सदरा, पाय अनवाणी, ओठांच्या कोपऱ्यात न पेटवलेली बिडी. आणि चेहरा असा, की मीच काहीतरी भलतं बोलून बसले आहे आणि ते ऐकून त्याला धक्का बसला आहे. नीट पाहिलं तेव्हा कळलं, त्या माणसाला भुवयाच नव्हत्या. नव्या नवरीला चुलीचा पत्ता विचारणारा असला माणूस पाहून मी मागे सरले आणि सासूबाईंना हाक मारली. सासूबाई वडूजकडच्या, सहसा कुणाला न बधणाऱ्या. त्या पदर खोचत बाहेर आल्या. तो माणूस त्यांना म्हणाला, "वैनी, लगीनघर म्हणून म्यां गप बसलो. आता पावणे गेले. चूल दावा."

हे आप्पा. आमच्या भिंतीला लागून त्यांचं अंगण होतं आणि अंगणाच्या तोंडाशी, रस्त्यावर, त्यांचा पेट्रोलचा पंप. आमचे हे सातारा–वडूज सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होते. मोटार रोज तिथंच पेट्रोल घ्यायची, म्हणून लग्न ठरल्यावर यांनी तिथलीच जागा भाड्यानं घेतली होती. जागा स्वस्त का मिळाली, हे मला त्या सकाळी समजलं.

आजच्या पंपासारखं काही डोळ्यांसमोर आणू नका. एक उंच लोखंडी खांब, त्याच्या डोक्यावर काचेच्या दोन बरण्या आणि बाजूला हातानं मागंपुढं करायचा दांडा. दांडा हलवला की जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल बरणीत चढायचं आणि तिथून रबरी नळीनं मोटारीत उतरायचं. टाकीत पेट्रोल यायचं ते पिंपांतून. पिंप रिकामं करताना वास असा सुटायचा, की आमच्या स्वयंपाकघरात भाकरीलाही तो लागला आहे असं वाटायचं.

तर आप्पांनी चूल पाहिली. ती नेमकी पंपाकडच्या भिंतीला होती. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, खाली वाकून भिंतीच्या बुडाशी असलेलं पाणी जायचं भोक पाहिलं आणि म्हणाले, "ही हितनं हालवायची." सासूबाई भडकल्या. चूल आग्नेय कोपऱ्यात होती, बरोबर शास्त्राप्रमाणे. अग्नीची दिशा सोडून चूल मांडायची म्हणजे घराची अवकळा, असं त्यांनी ऐकवलं. आप्पा शांतपणे म्हणाले, "आवं, आग्नेयेला माजा पंप हाय. एका दिशेला दोन अग्नी कशाला?"

सासूबाईंनी चुलीवरचं पातेलं उतरवलं. दुपारी आप्पा घमेल्यात माती घेऊन आले. मागून त्यांच्या पत्नी, काकी, शेणाची पाटी घेऊन. घराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं खिडकी नव्हती तिथं, आप्पांनी स्वतःच्या हातांनी चूल घातली. पुरुषमाणसानं चूल घातलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. वाईट घातली होती असं नाही, जरा बोजड होती. पण त्या कोपऱ्यात धूर कोंडायचा. पुढची कितीतरी वर्षं मी रोज सकाळी डोळे चोळत आप्पांच्या नावानं बोटं मोडली. भिंतीतलं ते भोक त्यांनी बुजवून टाकलं ते वेगळंच. न्हाणीचं पाणी जायला दुसरी वाट काढेपर्यंत आम्ही आठवडाभर चिखलात.

आप्पा पहिल्या लढाईत बसऱ्याकडे होते. आधी खेचरांवर, मग मोटारी आल्या तशा मोटारींवर. भुवया त्यांनी तिकडेच सोडल्या होत्या. खटावकडचा एक सोबती कंदील घेऊन टाकीत किती पेट्रोल उरलंय ते पाहायला वाकला होता. आप्पा पलीकडून येत होते, म्हणून भुवयांवर भागलं. सोबत्याचं काय झालं हे ते कधी पूर्ण सांगत नसत. एवढंच म्हणत, "त्यो टाकीत बघाय गेला, आन टाकीनंच त्येला बघितलं." मग ओठांतली बिडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात करत आणि उठून जात.

ती बिडी म्हणजे सगळ्या स्टँडवर चेष्टेचा विषय होती. दिवसभर ती तशीच, कोरी. ओढायची तल्लफ आली की आप्पा रस्ता ओलांडून, बोळ ओलांडून मारुतीच्या पारावर जात आणि तिथं बसून पेटवत. पंपावर येणाऱ्या प्रत्येकानं आपली काडेपेटी त्याच पारावर ठेवून यायचं, हा त्यांचा कायदा. बाजाराच्या दिवशी मारुतीपुढं काडेपेट्यांची रांग लागायची. नव्या माणसाला वाटायचं, हा काही नवस असावा. खिळ्यांच्या वहाणा असल्या तर त्याही तिथंच काढायच्या, कारण दगडावर खिळा घासला की ठिणगी उडते. एकदा पलटणीचा कुणी मोठा साहेब सिगारेट ओढत जीपमधून उतरला. आप्पांनी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला आणि दांडा सोडून खाली मांडी घालून बसले. "सलाम तुमाला, सायेब. शिग्रेट मारुतीला." साहेब काही मराठी नव्हता, पण बोट कुठं दाखवलंय ते त्याला कळलं. तो गेला पारावर.

सगळेच असे जात नसत. दुसऱ्या लढाईमुळं पेट्रोलवर रेशन आलं, तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी निघाल्या. पाठीमागं धगधगती भट्टी बांधलेली. या मोटारींनाही सुरू होताना थोडं पेट्रोल लागायचंच. अशी पहिली मोटार पंपाकडे वळली, तेव्हा आप्पा तिच्यापुढं रस्त्यात आडवे हात करून उभे राहिले. ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, उतारू शिव्या घालताहेत आणि हे हलायला तयार नाहीत. मोटारीचं नाक त्यांच्या छातीला लागलं तरी नाहीत. "माज्या अंगावनं जा. पर भट्टी घिऊन पंपाला जाऊ नगंस." शेवटी मोटार माघारी वळवून लांब कडुनिंबाखाली उभी केली, भट्टी विझून गार झाली, मग आप्पा स्वतः डबा घेऊन तिथवर गेले. तोवर तासभर उन्हात बसलेल्या बायकांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आप्पांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना लोकांनी चांगलं म्हणावं अशी हौसच नव्हती.

बरं, माणूस सरळ होता म्हणावं तर तसंही नाही. तोंड अत्यंत फटकळ. पत्त्यांत हरले की पत्ते उधळून उठायचे. एका वकिलीणबाईंनी शालूवरचे डाग काढायला बाटलीभर पेट्रोल मागवलं, तर यांनी निरोप्याजवळ उलटा निरोप धाडला, की डाग राहू द्या, बाई राहणं महत्त्वाचं. आणि अवसेचं त्यांनी डोक्यात घेतलं होतं. अमावास्येला पेट्रोल पिसाळतं, असं त्यांचं ठाम मत. त्या दिवशी दुपारनंतर पंपाला कुलूप. याला काही आधार नाही, असं आमचे हे त्यांना दहांदा म्हणाले. "आधार न्हाई तर न्हाई. कुलूप हाय," असं आप्पांचं उत्तर.

एक गोष्ट मात्र ते ज्याला त्याला सांगायचे, आणि ती मला आजही खरी वाटते. पेट्रोल सांडलेलं दिसतं तेवढंच नसतं, असं ते म्हणत. त्याची वाफ दिसत नाही. धुरासारखी ती वर जात नाही. ती जमिनीलगत सरपटते, गटारातून चालते, उंबऱ्याखालून घरात शिरते आणि कुठं दिवा मिणमिणतोय तो शोधते. "वास येतोय म्हंजी त्यो तितं हाय," असं म्हणून ते नाक वर करून हुंगत. म्हणून रोज तिन्हीसांजेला आमच्या ओट्यापाशी येऊन त्यांची हाक असायची, "इस्तू झाकला का?" म्हणजे चुलीतला विस्तव राखेखाली गेला का. सासूबाई आतून "झाकला, झाकला" म्हणत आणि मग दोघं इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलत उभी राहत. चुलीवरून सुरू झालेलं भांडण असं दोन-तीन वर्षांत घरोब्यावर आलं होतं.

त्याला कारण काकी. काकी गरीब, हसऱ्या आणि कमालीच्या सोशीक. त्यांची स्वतःची चूल परसाच्या पार टोकाला, एका छपरात होती. पावसाळ्यात भाकरीची टोपली पोटाशी धरून त्या इरलं पांघरून अंगण ओलांडायच्या. पोटी मूल नव्हतं. पुढच्या दारात दिवा लावायची परवानगी त्यांना कधीच नव्हती. रोजची सांजवात त्या मागं छपरात लावायच्या. दिवाळीत सगळी आळी उजळून निघायची आणि मधे एक दार काळंभोर. त्यांनी त्याबद्दल कधी कुरकूर केल्याचं मी ऐकलं नाही. सासूबाईंनी मात्र ऐकलं होतं. एका श्रावणात काकी तापानं अंथरुणाला खिळल्या, त्या उठल्याच नाहीत. जाण्याआधी सासूबाईंचा हात धरून त्या म्हणाल्या होत्या, "आक्का, लय काय नगं हुतं. एक डाव आपल्या दारात पणत्या लागलेल्या बघायच्या हुत्या."

सासूबाईंनी हे आम्हाला कुणाला सांगितलं नाही. मनात ठेवलं.

त्याच वर्षीची दिवाळी. लक्ष्मीपूजनाचा दिवस म्हणजे अमावास्या, तेव्हा दुपारीच पंपाला कुलूप पडलं होतं. आप्पांच्या घरी त्या वर्षी सण नव्हताच. आम्ही फराळाचं ताट देऊन आलो, ते झाकून तसंच ठेवलेलं मी पाहिलं. आमच्या पणत्या नेहमीप्रमाणे पंपापासून लांबच्या, पश्चिमेच्या अंगाला लावायच्या होत्या. मी दारात रांगोळी काढत होते.

दिवेलागणीला यांची मोटार वडूजहून आली. गच्च भरलेली. सणासाठी घरी निघालेली माणसं, टपावर ट्रंका, वळकट्या. खरं तर मोटार स्टँडवर जायची, पण पेट्रोल संपत आलं होतं आणि सणाची जादा फेरी म्हणून अर्ध्या उतारूंना साताऱ्याच्या पुढच्या गावांना सोडायचं होतं. हे उतरून आप्पांकडे गेले. आप्पा ओट्यावर नुसतेच बसून होते. "आज न्हाई. अवस हाय," ते म्हणाले. यांनी मोटारीकडे बोट दाखवलं. खिडक्यांतून पोरं-बाळं डोकावत होती. आप्पांनी तिकडे पाहिलं आणि ते किल्ली घेऊन उठले. "माणसं घरी जायाला पायजेत," एवढंच पुटपुटले.

दांडा हलू लागला. बरणी भरली. हे नळी धरून मोटारीच्या टाकीपाशी उभे. तेवढ्यात टपावर कुणीतरी आपली ट्रंक ओढायला गेला आणि भलतीच वळकटी सुटून थेट यांच्या हातावर आदळली. नळी निसटली. बरणीतलं पेट्रोल भळाभळा दगडी फरशीवर आलं आणि फरशीवरून गटारात उतरलं. ते गटार आप्पांच्याच घराच्या पायरीखालून जायचं.

आप्पांनी नळीची तोटी बंद केली. आवाज न चढवता म्हणाले, "मोटार चालू करायची न्हाई. कुनी काडी वडायची न्हाई. पलीकडच्या अंगानं उतरा आन पाराकडं चाला, सावकाश." हे एकेकाला उतरवू लागले. आप्पा वाळूच्या बादलीकडे वळले. मी रांगोळी टाकून उभी राहिले होते. वास माझ्यापर्यंत आला होता.

आणि मला सासूबाई दिसल्या. मागच्या बोळातून त्या आप्पांच्या दाराशी आल्या होत्या. मधे मोटार उभी, त्यामुळं पंपापाशी काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांच्या हिशेबी पंप दुपारपासून बंद होता. डाव्या हातात पणत्यांचं ताट, सगळ्या पेटलेल्या. एक पणती त्यांनी आप्पांच्या पायरीवर ठेवली होती, आणि दुसरी ठेवायला त्या वाकत होत्या. गटारातला ओला पट्टा चमकत पायरीच्या दिशेनं सरकत होता. मध्ये फार अंतर नव्हतं.

किंचाळायला तोंड उघडलं होतं मी. पण दचकल्या तर त्यांच्या हातून ताट सुटेल, हे त्याच क्षणी डोक्यात आलं. मोटारीजवळ माझा नवरा होता. उतारू अजून उतरत होते, एका बाईच्या कडेवर तान्हं होतं.  मी म्हटलं, "आप्पा, तुमचा उंबरा."

त्यांनी मान वळवली. पाहिलं. बादली खाली ठेवली. पळाले नाहीत. अनवाणी पायांनी, लांब पण सावकाश टांगा टाकत, मोटारीला वळसा घालून ते पायरीपाशी गेले आणि पायरीवरच्या पणतीवर आपला उघडा तळहात दाबून धरला. फुंकर नाही, पाणी नाही. हात तसाच तिथं. दुसऱ्या हातानं त्यांनी सासूबाईंचं मनगट वर उचललं. "वैनी, ताट वर धरा. डोईच्या वर. खाली आणू नगा. आल्या वाटंनं मागं जावा, पळू नगा."

सासूबाईंना काही उमगलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं, की काकींच्या नावानं लावलेला दिवा या माणसानं हातानं चेचून विझवला. पण त्यांनी ताट डोक्यावर धरलं आणि तशाच, ताठ, बोळातून मागं गेल्या.  आप्पांनी मग पायरीवर आणि गटारात वाळू ओतली. मोटार हातानं ढकलत पारापर्यंत नेली. वास पूर्ण जाईपर्यंत कुणालाही फिरकू दिलं नाही. सणाच्या वेळी खोळंबा केला म्हणून उतारू त्यांना वाट्टेल ते बोलले आणि शेवटी निघून गेले.

झालं काय, तर काहीच नाही. आप्पांच्या सगळ्या आयुष्याचं हेच होतं. त्यांच्या पंपावर कधी काहीच घडलं नाही, त्यामुळं त्यांनी काय केलं हे कुणाला दिसायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाडवा. घरोघरी बायका नवऱ्यांना ओवाळत होत्या. आप्पा तळहाताला फडकं गुंडाळून आमच्या ओट्यावर आले. सासूबाई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. आप्पा खाली बघत म्हणाले, "वैनी, दिवा म्यां इजवला. पर फुडं तुमचा ल्योक हुता वो." सासूबाई म्हणाल्या, "माजा ल्योक हुता ते मला सांगू नगा. कळतंय मला. पर तिनं जलमात एकच गोष्ट मागितली हुती. तुमाला न्हाई मागितली, मला मागितली. आन ती तुमच्या हातानं इजली." मग म्हणाल्या, "आजपस्नं माज्या हातचा इस्तू तुमच्या दारात यायचा न्हाई." आणि आत निघून गेल्या.

आप्पा ओट्यावरून उतरले. "तिनं मागितलं हुतं व्हय," असं ते स्वतःशीच म्हणाले. काकींनी त्यांना हे कधीच सांगितलं नव्हतं. बिनभुवयांच्या त्या चेहऱ्यावर नेहमीच नवल असायचं, त्या दिवशी मात्र ते खरं होतं. मला त्यांची दया आली आणि सासूबाईंचा राग आला, पण सासूबाईंना चुकीचं म्हणायला जीभ उचलेना.

त्यानंतर सासूबाई आप्पांशी बोलल्या नाहीत. म्हणजे शब्दानं बोलल्या नाहीत. तिन्हीसांजेला आप्पांची हाक यायचीच. "इस्तू झाकला का?" सासूबाई चुलीतले निखारे राखेनं झाकायच्या आणि पातेल्यावरचं झाकण दाणकन आपटायच्या. तो आवाज ऐकला की आप्पा "बरं" म्हणून जायचे. एखाद्या दिवशी त्यांना यायला उशीर झाला तर सासूबाई झाकण हातात धरून बसून राहायच्या. मी हसले की माझ्यावर डोळे वटारायच्या. अशी वर्षं गेली.

लढाई संपली, स्वातंत्र्यही आलं. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात, पिंपं उतरवून घेतल्यावर आप्पा सावलीत जरा टेकले, ते तिथंच गेले. ओठांत कोरी बिडी होती.

स्टँडवरच्या सगळ्या मोटारी त्या दिवशी थांबल्या. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, सगळे अंगणात जमले. गावाकडून त्यांचा चुलतभाऊ आला. तिरडी बांधून झाली. मुलगा नाही, तेव्हा मडकं आमच्या यांनी धरायचं ठरलं. चुलतभावानं पायरीवर गोवऱ्या रचल्या, मडकं शेजारी ठेवलं आणि कुणाकडे तरी काडेपेटी मागितली.

कुणी हललं नाही. सगळ्यांच्या काडेपेट्या मारुतीच्या पारावर होत्या. इतकी माणसं शोकानं आली होती आणि येताना प्रत्येकानं सवयीनं काडेपेटी तिकडं ठेवली होती. चुलतभाऊ चिडला. "आरं, इस्तू नगं का मयताला?" एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "सकाळी पिंपं वतल्यात. वास येतोय." चुलतभावाचंही खोटं नव्हतं. मयताचा अग्नी मयताच्या घरूनच निघतो, त्याच्या दारातून. तो पारावरून काडेपेटी आणतो म्हणून निघाला, आणि आमचे हे त्याच्यापुढं आडवे झाले. तिकडे मयत, इकडे दोन माणसं एकमेकांच्या अंगाला भिडलेली. आता इथं हातघाईवर येतात की काय, असं वाटलं.

तेवढ्यात बोळातून सासूबाई आल्या. हातात दुसरं मडकं, आमच्या घरातलं. त्यात आमच्या चुलीतले लाल निखारे. ते मडकं त्यांनी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं होतं. अंगणात त्या शिरल्याच नाहीत. बाहेरूनच, सावकाश, लांब वळसा घालून त्या पाराकडे गेल्या आणि तिथं उभ्या राहून म्हणाल्या, "आप्पाला हितवर घिऊन या. अग्नी हितं हाय."

माणसं थबकली. चुलतभाऊ म्हणाला, "वैनी, भलतंच काय करताय. आपल्या चुलीतला इस्तू कुनी मयताला देतं व्हय? आन त्येच्या घरचा नगं का?"

सासूबाईंनी मडकं खाली आणलं नाही. त्या म्हणाल्या, "त्येच्या घरचाच हाय. ही चूल त्येनंच मांडलीया."

चुलतभाऊ तिरडीकडे वळला. तिरडी उचलली, ती पारापर्यंत विस्तवावाचून आली. तिथं यांनी सासूबाईंच्या हातून मडकं घेतलं आणि माणसं माहुलीच्या स्मशानाच्या वाटेला लागली.

त्या दिवशी संध्याकाळी आंघोळी झाल्या, चूल पुन्हा पेटली, आप्पांच्या त्या कोपऱ्यात नेहमीसारखा धूर कोंडला. तिन्हीसांज झाली. सासूबाईंनी निखाऱ्यांवर राख ओढली आणि झाकण हातात घेऊन दाराकडे बघत बसल्या. मग त्यांनी ते पातेल्यावर आपटलं, नेहमीपेक्षा जोरात, पंपापर्यंत ऐकू जाईल असं.